पुढच्या सीटवरचा काटा

मुलुंडच्या त्या घरात आमचं सामान अजून जिन्यातच होतं, तेव्हा घरमालक दारात येऊन उभे राहिले. पायजमा, बनियन आणि कानामागे खडू. मला वाटलं, पाण्याच्या वेळा सांगायला आलेत. ते म्हणाले, "तुमच्याकडे बाथरूममध्ये ठेवतात तसा वजनकाटा आहे का?"

होता. नवऱ्याने कुठल्याशा नवीन वर्षाच्या जोशात घेतला होता आणि त्यावर उभं राहायचं धाडस आम्हा दोघांनाही पुन्हा झालं नव्हतं. खोक्यातून शोधून काढून दिला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्यावर ग्रीसचा काळा पंजा उमटला होता आणि सोबत मालकांचा अभिप्राय होता. "तुमचा काटा थापा मारतो. एकच वस्तू दोनदा ठेवली तर दोन उत्तरं देतो. याच्या भरवशावर डाएट वगैरे करू नका." नवऱ्याला इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिलाय.

दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती आणि दोन्ही घरं त्यांचीच. एकात ते आणि काकू, दुसऱ्यात आम्ही. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनच्या टेबलावर त्यांची नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक बागेत जातात, हास्यक्लबात जातात. हे वजनं करायला लागले. वस्तू दिसली की तोलायची आणि खडूने तिच्यावर आकडा लिहायचा. त्यांच्या घरात कुकरवर आकडा होता, पोळपाटावर होता, गणपतीच्या पाटाच्या पोटाखालीसुद्धा होता. काकू पुसायच्या, हे पुन्हा लिहायचे. मी एकदा विचारलं, "काका, पोळपाटाचं वजन माहीत असून उपयोग काय?" तर म्हणाले, "माहीत नसून काय उपयोग आहे?"

आमचा काटा नापास झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःचा आणला. स्टेशनजवळचं एक वाण्याचं दुकान बंद होत होतं, तिथला धान्य तोलायचा चौकोनी इलेक्ट्रॉनिक काटा. तो त्यांनी गाडीत पुढच्या सीटवर बसवून, बेल्ट लावून घरी आणला. जिना चढवायला जड आणि लागणार तर खाली आवारातच, म्हणून तो मग त्या सीटवरच राहिला. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, मालकांच्या शेजारी कुणी बसलंय. वॉचमन तर त्याला सलाम ठोकायचा.

गाडी म्हणजे एक म्हातारी झालेली छोटी लाल गाडी. एका रविवारी मी दूध आणायला उतरले तर तिचं पुढचं डावं चाक काढलेलं होतं आणि चाकाच्या आतलं सगळं जुन्या चादरीवर ओळीने मांडलेलं. मालक मधोमध मांडी घालून बसले होते.

"ये, बस. गाडीचे दोन भाग असतात, माहितीये?"

"पुढचा आणि मागचा."

"नाही! स्प्रिंगच्या वरचा आणि स्प्रिंगच्या खालचा. इंजिन, पत्रा, सीटा, तू, मी, हे सगळं वरचं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, थोडा मार स्वतः खाते, उरलेला आपल्याला देते. पण चाक, रिम, ब्रेक, हब, हे खालचे. यांना स्प्रिंगबिंग काही नाही. मार थेट."

"बिचारे."

"बिचारे कसले? हट्टी आहेत. चाक जितकं जड तितकं ते उसळलं की आवरत नाही. स्प्रिंग आणि शॉकअप त्याला आवरता आवरता स्वतःच हलतात आणि शेवटी सगळं जातं सीटवरच्या माणसाच्या कमरेत. म्हणून खालचं वजन कमी करायचं. आणि कमी करायचं तर आधी ते आहे किती ते कळायला नको?"

मग त्यांनी एक वाकडा लोखंडी तुकडा उचलला. "हा आर्म. याचं एक टोक गाडीच्या अंगाला, दुसरं चाकाला. आता याचं वजन वरचं की खालचं?"

"अर्धं-अर्धं?" मी आपलं व्यवहारी उत्तर दिलं.

माशाच्या कालवणात मी साखर घातली असावी, असे ते माझ्याकडे बघायला लागले. "अर्धं-अर्धं म्हणणारी माणसं आळशी असतात." त्यांनी विटा रचल्या, त्यावर एक सळई ठेवली, आर्मचं गाडीकडचं टोक त्या सळईवर टेकवलं आणि चाकाकडचं टोक काट्यावर. गवंड्याची लेव्हल लावून तो आडवा अगदी सरळ केला. "आता काटा जेवढं दाखवतोय तेवढंच चाकाच्या वाटणीचं. बाकीचं गाडीने उचललंय." आकडा खडूने आर्मवर लिहिला. मग टोकं उलटी करून पुन्हा तोललं, मग अख्खा आर्म तोलला. दोन टोकांची बेरीज अख्ख्याशी जुळली की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की बघणाऱ्यालासुद्धा आपण काहीतरी चांगलं केलंय असं वाटावं.

मधे एकदा ती बेरीज काही केल्या जुळेना. प्रत्येक वेळी थोडं जास्तच यायचं. मालक जेवेनात, बोलेनात. शेवटी काकूंनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज दिला, "अहो, आकडा वाचायला वाकता तेव्हा तुमचं पोट टेकतंय काट्याला!" अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. त्या दिवसापासून ते पोट आत ओढून आकडा वाचायचे.

'वर की खाली' हे वेड मग गाडीपुरतं राहिलं नाही. माणसांनाही लागू झालं. सोसायटीचे सेक्रेटरी वरचे, कारण काहीही झालं तरी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत ते मऊ झालेलं असतं. वॉचमन खालचा. पालिकेच्या शाळेतले मास्तर खालचे. माझा नवरा आठवड्यातले काही दिवस ऑफिसात आणि काही दिवस घरून काम करायचा, म्हणून "त्याला दोन्ही टोकांनी तोलावं लागेल." मी पवईच्या ऑफिसातून साहेबाची बोलणी खाऊन आले की जिन्यातच निदान व्हायचं. "आज थेट मार बसलेला दिसतोय."

एकदा मी विचारलं, "आणि काकू?"

"ती वरची. माझ्या गाडीतली सगळ्यात वरची. हे सगळं तिच्यासाठीच चाललंय."

"हो तर," काकू आतून म्हणाल्या. "वरचीच मी. दुसऱ्या मजल्यावरची."

ते हसले, मीही हसले, पण काकूंना खाली उतरलेलं मी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. आम्ही यायच्या आधीच्या पावसाळ्यात घाटकोपरहून येताना त्यांची रिक्षा खड्ड्यात आदळली होती आणि पाठीच्या मणक्याला चीर गेली होती. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता फिरा, फक्त जोराचा हिसका बसू देऊ नका. मुंबईत राहून हिसका बसू देऊ नका! काकू एकदा हिंमत करून टॅक्सीत बसल्या, गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर लागला आणि तिथूनच घामाघूम होऊन परत आल्या. त्यानंतर गॅलरी हेच त्यांचं फिरणं.

आणि त्यांना जायचं होतं बोरिवलीला. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची, आक्का. आक्का पडल्यापासून पलंगावरच होत्या. एकीला उठता येत नव्हतं, दुसरीला गाडीत बसता येत नव्हतं आणि दोघींच्या मधे नुसती पवई आणि आरे कॉलनी. रोज दुपारी फोनवर एकमेकींना बघायच्या. फोन धरायचं तंत्र दोघींनाही जमलेलं नव्हतं, त्यामुळे काकूंना आक्कांचं कपाळ दिसायचं आणि आक्कांना काकूंच्या छताचा पंखा. पण गप्पा मालवणीत रंगायच्या.

"काय गो, कधी येतलंस?"

"येतंय गो आक्का. ह्येंची गाडी होवंदे."

"तवसर मी ऱ्हवतलंय काय?"

तोवर मी उरेन का, असं आक्का हसत म्हणायच्या. काकूही हसायच्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत बसायच्या, घासलेलीच. मालक तेव्हा खाली उतरून जायचे आणि आवारातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. तो माणूस विक्षिप्त होता, पण कशासाठी तोलतोय हे मला त्या आवाजावरून कळलं.

जुन्या लोखंडी रिमा जड म्हणून हलक्या रिमा शोधायला ते लोकलने कुर्ल्याच्या बाजारात गेले. मला सोबत नेलं, कारण दुकानदार बाईमाणसासमोर शिव्या देत नाहीत अशी त्यांची समजूत. बॅगा तोलतात तो हातातला काटा खिशात होता. दुकानात गेल्यावर ते चकचकीत रिमांना त्यावर लटकवायला लागले. सगळ्यात देखणी रिम आमच्या जुनाट लोखंडी रिमपेक्षाही जड निघाली. "बघ," ते मला मोठ्याने म्हणाले, "नुसता मेकअप!"

दुकानदार वैतागला. "काका, रिम लेने आये हो के भाजी?"

"भाजीवाला तौल के देता है," मालक म्हणाले. "तू तो वो भी नहीं करता."

शिव्यांबद्दलची त्यांची समजूत खोटी ठरली. पण एका कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या दोन रिमा मनासारख्या हलक्या निघाल्या. दोनच. "पुढच्या दोन चाकांना बास," ते म्हणाले. मी विचारलं, मागच्यांचं काय? तर म्हणाले, "मागे कोण बसतंय? मागची सीट रिकामी." मला ते पटलं. त्या गाडीत मी त्यांना एकट्यालाच बघितलं होतं.

मग पुढचे शॉकअप बदलले, चाकांच्या नव्या वजनाला धरून. आणि चाचण्या सुरू झाल्या. पुढच्या सीटवरच्या काट्यावर काकूंच्या जागी तांदळाची छोटी पोती ठेवायची आणि गाडी खड्ड्यातून न्यायची. हिसका बसला की काट्यावरचा आकडा नाचतो. जितका कमी नाचेल तितकी गाडी काकूंच्या लायकीची. कल्पना झकास होती, फक्त पोती किती ठेवायची हा प्रश्न होता. काकूंनी वजन सांगायला साफ नकार दिला होता.

"पोळपाट तोला, मला नाही तोलायचं."

मग मालकांनी अंदाजाने पोती चढवली. काकू गॅलरीत उभ्या. "एवढी?" त्यांनी वरून विचारलं. मालकांनी घाईघाईने एक पोतं खाली काढलं.

गणपती झाले आणि आक्कांना ताप आला. तो उतरला, पण फोनवरचा आवाज बारीक झाला. त्या आता 'कधी येतलंस' असं विचारीनाशा झाल्या. काकूंनी ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या सकाळी मालकांना म्हणाल्या, "उद्या जाऊया. गाडी झाली असली तरी आणि नसली तरी." मालक म्हणाले, "झालीये. आकडा नाचत नाही आता, नुसता डुलतो." काकूंच्या सोबतीला कुणीतरी हवं म्हणून मी रजा टाकली.

सकाळी काकू जिना उतरल्या. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. ठेवणीतली हिरवी साडी, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. वॉचमन उठून उभा राहिला. मालक स्टिअरिंग धरून आधीच बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे ताठ. काकू गाडीजवळ आल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

"अगं, मागे कुठे?" मालक म्हणाले.

"मग कुठे बसू?"

मालकांनी शेजारी पाहिलं. शेजारी काटा, बेल्ट लावून.

"तू मागे बसतेस?" त्यांनी विचारलं. आवाज खराखुरा आश्चर्याचा होता, म्हणून तर काकूंना राग आला.

"लग्न झाल्यापासून! सासूबाई होत्या तोवर त्या पुढे. त्यांना गाडी लागायची, मी म्हटलं बसू देत. त्या गेल्या, मग तुमच्या ऑफिसच्या पिशव्या पुढे. पिशव्या संपल्या तर हा मेला काटा. मला कधी कुणी पुढे ये म्हणालंय? आणि तुम्ही विचारताय मागे बसतेस का!"

मालक खाली उतरले. गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत उभे राहिले. त्या जुन्या लोखंडी रिमा, ते जुने शॉकअप. ज्या गाडीतल्या खिळ्याचंही वजन त्यांना तोंडपाठ होतं, त्या गाडीत आपली बायको कुठे बसते हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मागच्या सीटखालीच मागची चाकं, तिथे हिसका सगळ्यात वाईट. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"मागचं मी काहीच केलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "आज नको. मागचं सगळं खोलतो, तोलतो. दिवाळीपर्यंत दे मला."

मला रडू यायला लागलं. दिवाळीपर्यंत आक्कांचं काय होईल कुणास ठाऊक, आणि आज या जिना चढून वर गेल्या तर पुन्हा उतरणार नाहीत हे मला दिसत होतं. काकू एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने डबा धरून उभ्या होत्या. मला वाटलं, वळतील.

त्यांनी मागचं दार बंद केलं. दोन पावलं पुढे आल्या आणि पुढचं दार उघडलं.

"ह्याला मागे टाका," त्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

इतकं सोपं होतं ते. पण मालक त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण काट्याची जागा पुढेच हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं. मग एकदम धावपळ सुरू झाली. बेल्टचं बक्कल अडकलं होतं, ते ओढताना त्यांचा अंगठा सोलवटला. काटा मागे आला. सीट फडक्याने पुसली, उशी ठेवली, उशी काढली, दुसरी ठेवली. काकूंना त्यांनी दोन्ही हातांनी धरून बसवलं आणि बेल्ट लावून दिला. मी मागे बसले, काटा मांडीवर घेऊन.

त्या प्रवासाबद्दल मी एवढंच सांगेन की मागच्या सीटवर माझ्या कमरेची वाट लागली. प्रत्येक खड्ड्याला मी आणि काटा दोघं उडायचो आणि काटा माझ्यानंतर खाली यायचा. काकू मात्र पहिल्या स्पीडब्रेकरला डोळे मिटून, दाराची मूठ घट्ट धरून बसल्या होत्या. गाडी चढली, उतरली. काकूंनी एक डोळा उघडला. "झाला?"

"झाला," मालक म्हणाले.

पवईच्या तलावापाशी त्यांनी मूठ सोडली. आरेच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्या काचेतून बाहेर बघत होत्या आणि लहान मुलीसारख्या सांगत सुटल्या होत्या. "म्हशी बघा किती! हे झाड कसलं हो? तो बघा खड्डा, डावीकडे!" मालकांनी वेग कमी केला. गाडी खड्ड्यातून अलगद गेली.

"घाबरली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"दिसला ना आधी," काकू म्हणाल्या. "दिसला की मी तयार होते. मागे बसलं की तो आदळल्यावरच कळतो."

आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. हे काही त्यांच्या काट्यावर कधी आलं नव्हतं.

आक्कांचं घर तळमजल्यावर होतं. दार उघडंच होतं. पलंगावर एक इवलीशी म्हातारी उशांना टेकून बसली होती. काकू आत गेल्या, डबा टेबलावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले. पडद्यावर नुसतं कपाळ आणि पंखा इतके दिवस बघितल्यावर अख्खा चेहरा बघत होत्या, तो पुरेना त्यांना.

"इलंस?" आक्का म्हणाल्या.

"इलंय गो."

"कशी इलंस?"

काकूंनी दारातल्या मालकांकडे पाहिलं. इतक्या महिन्यांचा खटाटोप, रिमा, शॉकअप, पोती, सगळं ऐकायला ते तिथे उभे होते.

"फुडे बसान इलंय," काकू म्हणाल्या.

मालकांनी चष्मा काढून पुसला आणि ते बाहेर गेले. दोघींना जरा मोकळं सोडावं म्हणून थोड्या वेळाने मीही बाहेर आले. ते गाडीच्या मागे उकिडवे बसले होते, कानामागे खडू, मागच्या चाकातल्या हवेचा दाब बघत.

"आता काय करताय काका?"

"परत जाताना मागे तू बसणार ना?" मान वर न करता ते म्हणाले. "हवा थोडी उतरवतो, जरा मऊ जाईल. तुझं वजन किती?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते कुणाला तरी खरं सांगितलं.